उदबत्तीच्या मुहूर्तावरचा टॅग

"ए आफांग, डब्यावर आकडा आलाय बग. पाच, मग टिंब, मग दोन. ह्योच न्हवं?"

"ह्योच, आकू. पाच-दोन. आता निवांत ऱ्हावा."

"निवांत म्हंजे किती निवांत? च्या पिऊन येन्याइतका, का काउशिउंगला लग्नाला जान्याइतका?"

"लग्नाला जावा. बारा पदार्थ खावा, दोन गिलास चढवा, आन् तिथंच कुनाच्या तरी सोफ्यावर पडा. वीज गेली तर जाऊ द्या. परत आली की चाकं आपसूक फिरतील. पाच-दोनमधी तेवढंच तर नवं हाय."

"तुज्या बोलन्यावर तळं सोडून चाललोय बरं का."

"माज्या बोलन्यावरच जावा."

फोन ठेवला आणि आफांग परत पडद्याकडं वळली. मी शेजारच्या टेबलावर तारा सोलत बसलो होतो, त्यामुळं हे बोलणं माझ्या कानावर पडलं. त्यात वेगळं वाटण्यासारखं काही नव्हतं. डबे तळ्यांवर बसवायचं काम माझं, आणि बसवून झाले की तळ्यावरची माणसं मला सोडून तिलाच विचारायची. आफांगनं हो म्हटलं की त्यांना झोप लागायची.

आफांगचं कागदावरचं नाव वेंग रुइफांग. आई-बाप तैपेईला खानावळीत राबायला गेले आणि पोरगी इथंच, बुदाईच्या किनाऱ्याला, मामाच्या तळ्याकाठी वाढली. आकू म्हणजे तो मामा, चुआंग आबॉक. तोंडात कायम सुपारी, पायात कायम गमबूट, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं हा आता मारतोय. मारलं त्यानं कुणालाच नाही. भाचीला त्यानं शिकवलं, कॉलेजात घातलं. गावातल्या बाकीच्या पोरी शिकून तैपेईला गेल्या त्या तिकडंच राहिल्या; आफांग माघारी आली आणि आमच्या कारखान्यात लागली.

आमचा कारखाना तळ्यातली चाकं चालवणारा डबा बनवतो. हेकरू मासे तळ्यात इतके दाटीनं असतात की पाण्यात चाकं फिरत राहिली, फेस उसळत राहिला तरच त्यांचा श्वास चालतो. उन्हाळ्यात चाकं बंद पडली की मासे वर येऊन तोंडं वासायला लागतात, आणि तोंडं वासलेली दिसली की मग फारसं काही हातात उरत नाही. पूर्वी वीज गेली की माणूस धावत जाऊन बटण दाबायचा. म्हणून तळ्याचा माणूस तळं सोडून कुठं जात नसे. पोराच्या लग्नातसुद्धा अर्ध्यातून उठायचा.

डबा म्हणजे नुसता पत्रा आणि तारा. त्याची अक्कल म्हणजे कोड, तो वरच्या मजल्यावर लिहितात. कोड रोज बदलतो. आज दोन ओळी घातल्या, उद्या एक काढली. हे सगळे बदल एका भांडारात साठत जातात आणि प्रत्येक बदलाला कंप्यूटर स्वतःच नंबर देतो. अक्षरं-आकड्यांची लांबडी माळ, कुणाच्या बापाला पाठ होणार नाही अशी. म्हणून एखाद्या दिवशीचा कोड तळ्यावर पाठवण्याजोगा झाला की त्याच्यावर माणसानं वाचावं असं नाव चिकटवायचं. पाच-एक, पाच-दोन. त्या चिकटवलेल्या नावाला टॅग म्हणतात. खाली शेडमधल्या बाया भांडारातून तो टॅग मागून घेतात आणि त्यावर जो कोड निघेल तो डब्यात भरतात. डब्याच्या पडद्यावर तेवढा आकडा दिसतो.

टॅग लावणं हे आफांगचं काम. नवा माणूस आला की ती त्याला डुकराच्या कानातल्या बिल्ल्याचं सांगायची. एक बिल्ला एका डुकराला. एकदा मारून डुक्कर गावात सोडलं की तो बिल्ला उपटून दुसऱ्या डुकराच्या कानात घालायचा नाही. नाहीतर कुठलं डुक्कर कुठलं, ते देवालाही कळायचं नाही. एवढाच कायदा.

हा कायदा ती स्वतःच मोडत होती, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मोडतेय असं मात्र कुणाला वाटत नव्हतं. त्याचं कारण देव.

आमचे मालक, म्हणजे थाउके लो, हे तळेवाल्याचंच पोर. चांद्रमहिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला ते जमिनीच्या देवाची, थोतीकोंगची पूजा करतात. तशी सगळेच करतात. शटरसमोर टेबल, त्यावर भाजलेली कोंबडी, शेंगदाण्याची वडी, बिस्किटं, थंड पेयांच्या बाटल्या, आणि लोखंडी बादलीत कागदी पैसे जाळायचे. पण लोंचं एक जास्तीचं होतं. नवा आकडा निघणार तो पूजेच्याच दिवशी, आणि टॅग लागणार तो उदबत्ती जळत असतानाच. एकदा फार पूर्वी राख पडल्यावर टॅग लावला होता आणि त्या खेपेचे निम्मे डबे माघारी आले होते. तेव्हापासून हे ठरलं ते ठरलं. आमच्या बोलीत चार म्हटलं की मरण म्हटल्यासारखं ऐकू येतं, म्हणून चार आकडा तर आमच्याकडं नाहीच, पाच-तीननंतर पाच-पाच. त्याबद्दल कुणी बोलतही नाही.

आता कोड लिहिणाऱ्याला तिथी कशी कळणार? तोंग वेइलुन तैपेईचा. माणूस चांगला, हुशार, आणि कायम अर्धा दिवस मागं. पूजा सकाळी, त्याचं काम संपणार दुपारी. मग त्यानंच वाट काढली. सकाळी उदबत्ती लावली की आफांगनं असेल त्या कोडवर टॅग लावायचा, म्हणजे मुहूर्त साधला. दुपारी याची शेवटची दुरुस्ती आली की टॅग तिथून काढून पुढच्या कोडवर लावायचा. शेडमधल्या बाया दुसऱ्या दिवशी सकाळी मागणार, तोवर सगळं जागच्या जागी. बरीच वर्षं असंच चाललं. काही बिघडलं नाही. बिघडलं नाही म्हणून ते बरोबर झालं.

सोळाव्या तिथीला मी तिथंच होतो. हातात तीन उदबत्त्या घेऊन लोंनी वाकून नमस्कार केला, त्या राखेत खोवल्या आणि वरच्या खिडकीकडं बघून ओरडले, "आफांग! लाव!"

वर तोंग म्हणत होता, "लावून टाक ना. वीज आल्यावर चाकं परत सुरू होण्याची ती ओळ तेवढी राहिलीय. जेवणानंतर देतो, मग हलव."

"तुमचं जेवण कधी संपतं ते बघून लावते," ती म्हणाली.

"कोंबडीचा पाय मला ठेवलात तर लवकर संपेल."

"पाय थोतीकोंगनं खाल्ला."

दोघंही हसले. तिनं टॅग लावला. दुपारी तोंगची ओळ आली, तिनं टॅग हलवला. तिच्या टेबलावरच्या डब्यात पाच-दोन भरून तिनं वीज काढली, घातली. चाक फिरलं. परत काढली, परत घातली. फिरलं. ती कामात ढिली नव्हती, हे सांगितलं पाहिजे.

पण त्या दिवशी समुद्रात वादळ होतं. उद्या सुट्टी जाहीर होईल म्हणून लोंनी शेडमध्ये सांगितलं, आजच भरायला घ्या. शेडची लान आसो, म्हणजे लान वहिनी, कामाला वाघीण. नैवेद्याची कोंबडी कापायच्या आधीच तिनं भांडारातून पाच-दोन मागून घेतला आणि डबे भरायला सुरुवातही केली. म्हणजे तोंगची ओळ यायच्या आधी. वादळ भलतीकडंच गेलं. सुट्टीही लागली नाही.

त्यातलाच एक डबा मी आकूच्या तळ्यावर बसवला.

आकू लग्नाला गेला त्या दुपारी हवा अशी कोंडली होती की बगळेसुद्धा बांधावर चोची उघडून बसले होते. मग आभाळ गडगडलं आणि सरी आल्या. वीज गेली आणि संत्रं सोलून होईपर्यंत परतही आली. आसपासच्या तळ्यांवर म्हातारे जुन्या सवयीनं धावले, बटणं दाबली, चाकं फिरली. आकूच्या तळ्यावर कुणी गेलं नाही. कशाला जाईल? त्याच्याकडं पाच-दोन होता. लोक पावसाच्या आडोशाला बसून म्हणत होते, आबॉक नशीबवान, तिकडं झिंगे सोलत बसला असेल.

निरोप आला तेव्हा मी कारखान्यात होतो. छोट्या निळ्या ट्रकमधून मीच आफांगला घेऊन गेलो.  वाटेत ती एकदाच म्हणाली, "डब्याची तार निसटली आसंल." मी म्हटलं, असेल. माझ्या हातानं बसवलेली तार निसटलेली नाही, हे मला माहीत होतं.

तळं पांढरं झालं होतं. हेकरू उलटे होऊन एकमेकाला चिकटून तरंगत होते. लहान पोराएवढाले मासे, पोटं वर. आकू पोहोचला होता. अंगात लग्नातला इस्त्रीचा सदरा, पायात बूट, आणि बुटांत पाणी. तो पालथ्या टबावर बसला होता. दोघं-तिघं शेजारी जाळ्यानं मासे ओढत होते. ओढून काय करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. नुसतं बघत उभं राहवत नाही म्हणून ओढत होते.

"आकडा बग," आकू म्हणाला.

ती डब्यापाशी गेली. मीही गेलो. पडद्यावर हिरवा पाच-दोन. तार जागच्या जागी. तिनं हातानं बटण दाबलं. चाकं लगेच फिरायला लागली. मेलेल्या माशांवर फेस उडायला लागला. तिनं घाईघाईनं बंद केली.

"आकडा बरोबर हाय का न्हाई?"

"बरोबर हाय, आकू."

"तू बोललीस ती बी पाच-दोन. डब्यात बी पाच-दोन. मग चाक का फिरलं न्हाई, तेवढं सांग. रागानं इचारत न्हाई."

"ठावं न्हाई."

"मग ठावं करून घे. मला कळायला नगं का कशानं मेले ते?" त्यानं तोंडातली सुपारी थुंकली. "नवरीनं मला दोनदा वाढलं. लई खाल्लं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी शेडमध्ये गेली. शेडच्या कंप्यूटरला तिनं विचारलं, पाच-दोन म्हणजे तुझ्याकडं नेमका कुठला कोड? त्यानं माळ दाखवली. फोनमध्ये तिनं स्वतःच्या टेबलावरच्या पाच-दोनची माळ लिहून आणली होती. पहिलं अक्षरच जुळेना.

"आसो, पूजेच्या दिवशी तुमी पाच-दोन कवा मागून घेतला?"

"कवा म्हंजे? थाउके म्हनले घ्या, आमी घेतला. कोंबडी बी कापली नव्हती." लान आसोनं हात पुसले. "त्यानंतर रोज सकाळी मागतोय की. रोज त्यो म्हनतोय, हाय माज्यापाशी. का गं? आमचं काय चुकलं का?"

"न्हाई. तुमचं न्हाई."

मला तिनं पायरीवर बसून समजावलं. समजावत होती मला, पण बोलत होती स्वतःशीच. शेडच्या कंप्यूटरनं त्या नावाचा टॅग एकदा घेतला की तो परत विचारतच नाही. नाव आहे ना आपल्याकडं, मग कशाला विचारायचं? हिनं वर टॅग हलवला, तो वर हलला. खाली जुनाच राहिला. त्या दिवसापासून जेवढे डबे भरले, ते सगळे त्या एका ओळीशिवाय. पडद्यावर मात्र पाच-दोन.

"म्हंजे किनाऱ्याला गेलेले सगळे?" मी विचारलं.

"सगळे. माज्या टेबलावरचा एक सोडून."

ती लोंकडं गेली. मी दाराशी उभा होतो. तारांची पेटी न्यायला आलो होतो, ती उचलून तसाच थांबलो.

"थाउके, नवा आकडा काढा. पाच-तीन. आजच. आन् समद्या तळ्यांवर फोन करून सांगू, पाच-दोन काढा म्हनून."

लोंनी सगळं ऐकून घेतलं. आफांगच्या बोलण्यात कधी खोट नसते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चहा ओतला. तिनं घेतला नाही.

"आज तिथी कुठली?" ते म्हणाले.

"तिथी कशाला बघता? मासे मेलेत."

"मासे मेलेत म्हनूनच. कालच मेलेत आन् आज आमी नवा आकडा काढला, तर लोक काय समजतील? डब्यात खोट व्हती. बरं, खोट हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर तू आकडा तोच ठेव. शेडमधला जुना पुसून टाक, वरचा खाली आन. आजपासनं जातील ते डबे चांगले जातील. पुढच्या पूजेला पाच-तीन काढू, शांतीत."

"आन् गेलेले?"

"गेलेले कुठले कुठले ते तुला तरी सांगता येतंय का बाहेरनं?"

"न्हाई. आज समदेच खोटे हायत, पर उद्या चांगले गेले तरी पडद्यावर आकडा तोच. म्हनून तर म्हनते नवा काढा. आता परत त्याच नावावर दुसरं घातलं, तर तळेवाल्यांनी काय बगून वळखायचं?"

"पुढच्या पूजेला सांगू म्हनलं न्हवं."

"तवर चार सरी येतील."

लोंच्या कपाळाला आठी पडली. चारचं नाव काढलं म्हणून, का उलट बोलली म्हणून, ते कळलं नाही.

"मी न्हाई करनार," ती म्हणाली. "मी एकदा हलवला. परत त्या नावाला हात लावनार न्हाई."

"मग तोंग करेल."

तोंगनं केलं. त्याची दोन बोटं हलली असतील, जास्त नाही. करताना तो तिच्याकडं बघत नव्हता. म्हणाला, "मी नाही केलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतील. निदान शेडमधून तरी आता बरोबर जाईल."

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "ओळ तर तुम्ही वेळेवर दिली. जेवणानंतर म्हणालात, जेवणानंतरच दिली."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी तोंग दिवसभर तिच्या टेबलाकडं फिरकला नाही.

नवा आकडा मिळाला नाही, म्हणून तिनं फोन करायला सुरुवात केली. ऑफिसातून नाही; जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, स्वतःच्या फोनवरून. पहिला फोन सिंग आपेकला, म्हणजे सिंग काकांना. त्याची तळी आकूच्या बांधाला लागून. मी खालच्या पायरीवर बसून भात खात होतो.

"आपेक, मी आफांग. तुमच्या डब्यावर भरवसा ठेवू नगा. वीज गेली की जाऊन बटन दाबा. जुन्यागत."

"का गं? पाच-दोन हाय माजा."

"पाच-दोनच म्हनते मी. त्यात खोट हाय."

"पाच-दोन घ्या म्हनून तूच तर मागं लागली व्हतीस."

"व्हय. मीच."

"मग आता काय, पाच-तीन इकायचाय काय?"

"इकायचा न्हाई काय. नुसतं बटन दाबा म्हनते. आकूचं तळं कसं गेलं बगितलंत न्हवं?"

पलीकडून सिंग आपेक हसला. फोनमधून मलासुद्धा ऐकू आलं. "आबॉकचं? आगं, काल देवळासमोर त्योच सांगत व्हता. सकाळी घाईत त्यानं डब्याचं बटनच बंद करून ठेवलं आन् गेला लग्नाला. डब्याची काय चूक? म्हातारा झालाय तुजा आकू. काळजी घे त्येची."

 तिच्या कानाला फोन तसाच राहिला. सिंग आपेकनं ठेवून दिला.

पुढचे फोनही तसेच. सगळ्यांना आबॉकनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. उन्हानं, आणि बटणानं. कुणी म्हणालं, पोरगी मामासाठी रडते, बरोबर आहे. कुणी म्हणालं, मामाला वाचवायला डब्यावर घालते. एकानं तर सरळ विचारलं, "थाउकेशी भांडण झालं काय गं तुजं?"

संध्याकाळी उजेड असतानाच मी तिला परत आकूकडं नेलं. तळं त्यानं रिकामं केलं होतं. तळाचा काळा चिखल उघडा पडला होता, त्यावर चुना पसरत होता. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. आकू गमबूट घालून फावडं मारत होता.

"आकू, लोकांस्नी काय सांगितलंत तुमी?"

"काय सांगितलं?"

"बटनाचं."

"खरं न्हाई ते ठावं हाय मला." तो फावडं मारत राहिला. "मग काय सांगू? माज्या भाचीनं हो म्हनलं आन् माजे मासे मेले, असं देवळासमोर उभं ऱ्हाऊन सांगू? आख्ख्या किनाऱ्याला डबे तुजं नाव बगून घेत्यात. माजं गेलं ते गेलं. तुजं कशाला घालवू?"

"आवं, समद्यांच्या डब्यात तेच हाय! तुमी खोटं बोललात म्हनून माजं कुनी ऐकना झालंय. उद्या सर आली की सिंग आपेकचं बी जाईल."

आकू थांबला. फावडं चिखलात रोवून त्याच्यावर हात ठेवले.

"तू मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"मलाच आज सकाळी कळलं."

"मी तर काल रातीच बोलून बसलो."

"मग आता जाऊन खरं सांगा."

त्यानं फावड्याला चिकटलेला चिखल बुटानं खरवडला. मग म्हणाला, "काल बटन म्हनलं, आज डबा म्हनू? उद्या सिंग म्हनेल, आबॉकला पोरीनं शिकवून धाडलाय. मी गावात उभ्या जन्मात शब्द फिरवला न्हाई, आफांग. आता फिरवला तर दोन्ही बी खोटंच ठरल."

"म्हनून सांगनारच न्हाई?"

"जातो. सांगून बगतो. पर ऐकतील असं वाटत न्हाई मला."

तो गेला, हे मी पाहिलं. चिखलाचे बूट न काढता तसाच देवळासमोर गेला. तिथं म्हातारे चहा पीत बसले होते. आम्ही ट्रकमध्ये थांबलो. आवाज येत नव्हता, पण हात दिसत होते. आकू हात हलवत होता. सिंग आपेकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं आणि कप पुढं केला. बाकीचे माना डोलावत होते, घरात माणूस गेल्यावर समजूत काढताना डोलावतात तशा. आकूनं चहा घेतला, दोन घोट प्याला आणि माघारी आला. गाडीपाशी आला तेव्हा आफांगनं काच खाली केली.

"म्हनले, धसका घेतलायस तू. पड जरा," आकू म्हणाला. "पडतो आता."

तीन दिवस ऊन कडक होतं. चौथ्या दिवशी दुपारी सर आली. या खेपेला वीज जरा जास्तच वेळ गेली. आफांग खिडकीतून आभाळाकडं बघत होती. दिवे परत आले तेव्हा तिनं फोन उचलला आणि खाली ठेवला. कुणाला करणार? ज्यांनी ऐकलं नव्हतं, ते आता ऐकण्याच्या पलीकडं होते, आणि ज्यांनी ऐकलं होतं असा एकही तिला आठवेना.

वीज येईना तसा सिंग आपेक डब्याच्या भरवशावर घरी गेला, आणि त्याची दोन तळी गेली. उत्तरेला आणखी एकाचं गेलं.

मी तिथंही गेलो. डबा बघायला मलाच बोलावतात. सिंग आपेक बांधावर उकिडवा बसला होता. मला म्हणाला, "हवाच वाईट हाय ह्या सालाला. आबॉकचे बी हवेनंच मेले आसतील, म्हाताऱ्याला उगंच बटनाचं वाटलं." मी डब्याचा पडदा पाहिला. पाच-दोन.  मी म्हटलं, "डबा बदलून देतो, आपेक." तो म्हणाला, "डब्याला काय झालंय?"

ऑफिसात आल्यावर मी आफांगला हे सांगितलं. वाटलं, रडेल तरी. रडली नाही.

"शिवी दिली का माज्या नावानं?"

"न्हाई."

"थाउकेच्या?"

"न्हाई. कुनाच्याच न्हाई. हवेला दिली."

तिनं मान हलवली. "शिवी दिली आसती तर बरं वाटलं आसतं," एवढंच म्हणाली.

लोंनी तिला खोलीत बोलावून सांगितलं की पुढच्या तिथीला पाच-तीन नक्की काढू, आणि या खेपेला टॅग तोंगचं काम झाल्यावर लावायचा. उदबत्ती जास्त लांब आणू म्हणाले. त्यांचाही आवाज बसला होता. सिंग आपेक त्यांचा शाळेतला जोडीदार. आफांगनं ऐकून घेतलं. पाच-तीन निघालाच तर तो नव्या डब्यांत जाईल. बाहेर गेलेल्या डब्यांतला कुठला कधी बदलून येईल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्याला आपल्या डब्यात खोट आहे असं वाटतच नाही, तो बदलायला कशाला आणेल?

तिनं नोकरी सोडली नाही. का नाही, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. सोडून जायची तर कुठं? आकू आता रिकाम्या तळ्याच्या काठी खुर्ची टाकून बसतो, तिची स्कूटर येईपर्यंत.

काल दुपारी ती जिन्यात बसून डबा खात होती. उकडलेलं अंडं, भात, खारवलेली भाजी. एका हातात फोन. उत्तरेच्या कुणा तळेवाल्याला समजावत होती, तो पलीकडून तिला सांगत होता की त्याचं सगळं उत्तम चाललंय. तिनं "बरं" म्हणून ठेवलं, पुढचा नंबर लावला. उचलला नाही. त्यापुढचा लावला. तोही नाही.

खालून लान आसोनं हाक मारली, "आफांग! टॅग मागून घेतला बग. भरायला घेऊ का?"

अर्धा भात तसाच ठेवून तिनं डब्यावर रबर चढवलं आणि खाली गेली. शेडच्या पडद्यावरची माळ ती अक्षर अक्षर मोठ्यानं वाचायला लागली, आणि लान आसो वरून लिहून आणलेल्या माळेवर बोट ठेवून एकेक अक्षर तिच्यामागून म्हणत गेली. शेवटपर्यंत जुळलं.

"घ्या भरायला," आफांग म्हणाली, आणि पुढचा खोका उघडला.